रिक्त पदास

हजेरीपटात तुझी ओळ अजून मीच आखतो.
दर एक तारखेला, पट्टी धरून:
अनुक्रमांक दोन, औषध निर्माण अधिकारी,
नावाच्या जागी 'रिक्त'.
सहा वर्षं झाली.
शब्द तोच, अक्षर मात्र तिरकं जायला लागलंय.

खुर्ची आहे तुझी. तिच्यावर ओआरएसचे खोके असतात.
परवा बोरदची एक म्हातारी खोके सारून टेकली,
पदरानं वारा घेत म्हणाली,
"आठे कोन बसस भाऊ?"
मी म्हटलं, बस आजी, तुझीच समज.

तळोद्याचा मे तुला ठाऊक नसणार.
फ्रीजला दोन ते आठची हमी आहे,
सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून सही करावी लागते.
माझं कुणी लिहीत नाही.
चांदसैलीचा घाट उतरून जीपगाड्या आल्या
की खिडकीत हातच हात:
सिकलसेलच्या कॅप्सूल, बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्या,
विंचवाच्या डंखाला आणलेलं पोर
ओरडून ओरडून शेवटी झोपलेलं.
तीनशे बारा चिठ्ठ्या. मी मोजल्या,
कारण वर कळवायच्या होत्या.
वरून उत्तर आलं: प्रपत्र 'ब' मध्ये कळवा.

वाचता न येणाऱ्यांना मी पाकिटावर सूर्य काढून देतो,
रात्रीच्या गोळीला चंद्र.
गर्दी वाढते, हात धावतो,
आणि दुपारी एकच्या सुमारास
माझा चंद्र सूर्यासारखा दिसायला लागतो.
झोपेची गोळी सकाळी घेऊन
कुणी विहिरीवर गेलं तर?
हे कुठल्याच प्रपत्रात बसत नाही.
रात्री घरी जेवताना बसतं, समोर.

वैजयंता कोळीबद्दल तुला सांगायला हवं.
तुझं काम ती करते, तुझ्या तिसऱ्या हिश्श्यात.
अकरा महिन्यांचा कागद, मग एक दिवस खंड,
मग नवा कागद.
खंडाच्या त्या दिवशी ती आमची कुणीच नसते.
डबा घेऊन बसस्टँडवर बसून राहते पाचपर्यंत,
सासरी खंडाचं सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी नंदुरबारला संघटनेची बैठक झाली,
शिक्षकांच्या पतपेढीच्या हॉलमध्ये.
भिकन आप्पा महाले उभे राहिले,
तीस वर्षं गोळ्या मोजलेला माणूस, बोलतोही मोजून.
मागणी क्रमांक एक:
रिक्त पदे सरळसेवेने तात्काळ भरा.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
मागून कुणीतरी विचारलं, कंत्राटींचं काय?
आप्पांनी चष्मा पुसला.
म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ.

तू आलास की ती जाईल.
एवढं साधं गणित, आणि मी सही केली.
निळ्या शाईनं, पूर्ण नाव.
त्या वेळी इथली खिडकी
तिच्या एकटीच्या अंगावर होती.

सोमवारी तिनं विचारलं, "काय ठरलं सर?"
मी म्हटलं, बुधवारी काळ्या फिती. काम चालू ठेवून.
बाकीचं घशातच ठेवलं.

बुधवारी ती येताना
जुन्या छत्रीचं कापड कापून घेऊन आली.
दोन फिती. एक माझ्या दंडाला बांधली,
गाठ घट्ट, रक्तदाब बघतात तशी.
दुसरी तिला बांधता येत नाही,
कागदात तसं कलम आहे.
थोडा वेळ बोटाला गुंडाळत राहिली,
मग तुझ्या खुर्चीच्या हाताला बांधली
आणि म्हणाली, "चला, पुढची चिठ्ठी."

त्यामुळे तुला ये म्हणू की नको,
मला ठरवता आलेलं नाही.
पण आलासच, तर कात्री डाव्या कप्प्यात आहे.
फ्रीजचं दार गुडघ्यानं दाबावं लागतं.
फीत सोडू नकोस, तिला विचारल्याशिवाय.
आणि चंद्र कोरीचा काढ, बारीक.
पुरता गोल काढला
की लोक तो सकाळी घेतात.